उतरता खांदा

“तिचा उजवा खांदा जरा उतरता आहे, तेवढं सांभाळ,” असं हे जेवता जेवता म्हणाले आणि लगेच मीठ मागितलं. मी मीठ दिलं. डबीचं झाकण नीट लावलं. यांच्या ताटाशेजारी नाटकाची वही उघडी होती आणि डोळे तिच्यातच होते. मान वर करून माझ्याकडे बघत म्हटलं असतं तर कदाचित ते एवढं लागलं नसतं. सहज म्हटलेलं होतं, आणि सहज म्हटलेलंच आत जाऊन बसतं, कारण म्हणावं की न म्हणावं असा विचारसुद्धा म्हणणाऱ्याला पडलेला नसतो. समोर बसलेल्या नणंदबाईंनी घास चावता चावता एकदा भावाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग फार लक्षपूर्वक पाणी प्यायल्या.

ती म्हणजे पोस्टातली. यांच्या हौशी नाटकमंडळीत कामावरून हाक मारायची रीत आहे. दातांचे डॉक्टर आहेत ते दातवाले, शाळेत गणित शिकवणारे ते बेरीज, आणि ती पोस्टात खिडकीवर बसते म्हणून पोस्टातली. हे दिवसभर कचेरीत असतात आणि संध्याकाळी एका शाळेच्या सभागृहात नाटक बसवतात. कपडे मी शिवते. लग्नानंतर सुरुवातीची एक-दोन नाटकं मी खुर्चीत बसून पाहिली असतील. मग कोणाचा तरी सदरा आयत्या वेळी फाटला, मी सुई घेऊन मागे गेले, ती मागेच राहिले. तेव्हापासून नाटक मला पाठीकडून माहीत आहे: कॉलरच्या मागच्या बाजू, घामाने ओली झालेली अस्तरं, प्रवेश करण्याआधी प्रत्येक जण जो एक श्वास घेतो तो. या वेळच्या नाटकात लढाईवर गेलेला भाऊ परत येत नाही, त्याचा कोट तेवढा परत येतो. शेवटच्या प्रवेशात बहीण तो कोट अंगात घालते आणि डोळे अधू झालेल्या आईसमोर भाऊ होऊन उभी राहते. बहीण म्हणजे पोस्टातली. कोट असा बसला पाहिजे की दिव्याखाली क्षणभर पाहणाऱ्यालाही ती भाऊच वाटावी. तो बसला नाही तर लोक हसतील, आणि नेमकं तिथेच हसायचं नाही.

उतरता खांदा. जेवणं झाल्यावर भांडी विसळताना मी ते दोन शब्द पाण्याखाली धरून पाहिले. शिवणाऱ्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते ती इतरांना नसते. खांद्याचा उतार कपड्यातल्या माणसाकडे बघून सहसा कळत नाही. कपडा तो झाकतो, माणूसही झाकतं. थोडं तिरकं उभं राहतं, पिशवी त्या खांद्याला लावतं. उतार हाताला कळतो. टेप ठेवताना दोन्ही तळवे खांद्यांवर टेकवले की एक तळवा किंचित खाली जातो, बस. म्हणजे मग यांना कसं कळलं? तळवा कधी टेकला? तालमीत, की तालमीनंतर? मी ताट विसळत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे यांचा हात होता, डावा, जो उजव्यापेक्षा थोडा लांब आहे. हे त्यांना स्वतःलाही माहीत नाही. त्यांच्या प्रत्येक शर्टाची डावी बाही मी वेगळी बेतते, आणि ते म्हणतात की तुझ्या हातचा शर्टच मला बरोबर बसतो, दुकानातला नाही. आणि माझा उजवा खांदा. तो खरोखरच उतरता आहे. वर्षानुवर्षं मशीनच्या चाकाकडे झुकून झुकून झालाय असं आई म्हणायची. माझा प्रत्येक कपडा मी त्या बाजूला थोडा उतरवून कापते. यांना मी हे कधी सांगितलं नाही. सांगून कळलेलं काय कामाचं. एखाद्या दिवशी बोलता बोलता, असंच मीठ मागता मागता, ते म्हणतील असं मला कुठेतरी वाटत असणार. वाक्य आलं ते अगदी तेच आलं. फक्त खांदा दुसरीचा होता.

“वहिनी,” नणंदबाई ओटा पुसता पुसता म्हणाल्या, “त्या पोस्टातलीला एकदा घरी बोलावून माप का नाही घेत?”

माप चिठ्ठीवर लिहून आलंय, मी म्हटलं.

“चिठ्ठीवर खांदा उतरतो होय?” त्या म्हणाल्या. नणंदबाई यांच्याहून मोठ्या. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असतात. मंडळींत पडद्यामागून वाक्यं सांगायचं काम त्यांच्याकडे आहे, आणि घरातही कोणाचं वाक्य अडलं की त्या पुरवतात. त्या रात्री माझं वाक्य काय होतं ते त्यांना कळलं असावं, पण त्यांनी ते पुरवलं नाही. माझी आई टेप गळ्यात घालूनच स्वयंपाक करायची. टेप अंगावर ठेवल्याशिवाय कात्री उचलू नकोस, हे तिने मला अक्षरं शिकवायच्या आधी शिकवलं. आणि मी पोस्टातलीला बोलावलं नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवायचा म्हणजे यांच्या हाताच्या जागेवर हात ठेवायचा असं मला वाटत राहिलं. कपाटाच्या खणात दुसऱ्याचं काही सापडल्यासारखं होतं ते. खण मी नुसता ढकलून बंद केला.

कापड बेतायचा छापील पॅटर्न दुकानातून आणला तो बायकांच्या हिवाळी कोटाचा. सैनिकाचा कोट कोण छापणार? पाकिटावरच्या चित्रातली बाई एक हात खिशात घालून हसत होती, कोणीतरी आपल्याकडे बघतंय हे तिला पुरतं ठाऊक होतं. मला ती आवडली नाही. आतला कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ. घडी उलगडली की खोलीतली हवासुद्धा त्याला हलवते. त्यावर सगळ्या मापांच्या रेघा एकमेकींच्या शेजारून धावतात, कुठली तुटक, कुठली ठिपक्यांची, कुठली अखंड. तिच्या मापाची तुटक होती, माझ्या मापाची अखंड. कमरेपाशी, छातीपाशी, घेरापाशी माझी रेघ तिच्या रेघेच्या बाहेरून जात होती, जाड बाईने वाट सोडून कडेने चालावं तशी. मी बोट फिरवत गेले. फक्त खांद्याच्या टोकापाशी, गळ्याजवळ, सगळ्या रेघा एकत्र येऊन एकच झाल्या होत्या. तिथे पॅटर्न काढणाऱ्याला सगळ्या बायका सारख्या वाटल्या असतील.

त्या बाईच्या कोटाचा सैनिकाचा कोट करायचा म्हणजे पुष्कळ मोडायचं होतं. कमरेच्या चुण्या काढून टाकल्या. लांबी गुडघ्याखाली नेली, पाठीमागे कमरेपासून एक खोल घडी सोडली, म्हणजे चालताना कोट मागे फाकेल. कॉलर उंच केली, मनगटाला रुंद पट्ट्या, खांद्यांवर बटणाच्या पट्ट्या. आणि बटणं फिरवली. बायकांच्या कोटात उजवी बाजू डावीवर येते, पुरुषांच्या कोटात उलट. कोट भावाचा आहे. बहिणीच्या बाजूने बटणं लागली तर पहिल्या रांगेतली एखादी बाई मनात म्हणेलच की हा हिचाच कोट आहे. म्हणून मी पुढच्या भागाचे कागद पालथे घातले, छपाई खाली, कोरी बाजू वर, आणि प्रत्येकावर खडूने डावा, उजवा असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. किती काळजी घेतली डाव्या-उजव्याची. आता आठवलं की कानशिलं तापतात.

माझे दोन नेम आहेत. सकाळी उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही. आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना, दिवसभरात ज्याच्याविषयी मनात वाईट आलं असेल त्याच्याबद्दल एक चांगलं वाक्य बोलते. खरं असलं पाहिजे आणि ओठ हलले पाहिजेत. एरवी हे सोपं असतं. दूधवाला, शेजारीण, नणंदबाई, कधी हे. त्या दिवसांत रोज पोस्टातलीच यायला लागली. पहिल्या संध्याकाळी मी म्हटलं, ती वेळेवर येते. दुसऱ्या दिवशी म्हटलं, तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मग तिने एकदा बेरीजच्या आजारी आईला डबा पोचवला होता, तो झाला. मग तिची मान लांब आहे. हे चांगलं म्हणून म्हटलं की तक्रार म्हणून, ते देवालाच माहीत. नेमाने मन धुतलं जातं असा माझा समज होता. पण रोज एकेक चांगलं शोधून दिव्यापुढे ठेवता ठेवता मी तिला घडवतच चालले होते. लांब मानेची, मोठ्या आवाजाची, वेळेवर येणारी, कनवाळू, आणि एका बाजूला कोणाच्या तरी तळव्याखाली किंचित उतरलेली. मीच नटवली तिला. आणि मीच तिच्यावर जळत होते. दिव्याची ज्योत हलली तर मी म्हणायची, वारा आहे. खिडकी बंद असायची.

सकाळची शांतता तर याहून वाईट. मी ठरवलं होतं की कोटाचं कापणं मौनातच करायचं, म्हणजे हात शुद्ध राहतील. तोंडात टाचण्या धरल्या की तशीही बाई गप्पच असते. करड्या जाड कापडावर कागद पसरून मी टाचण्या एकेक काढून लावत होते, आणि बोलणं नव्हतं म्हणून सगळं आतच बोलत होतं. एक विचार त्यात फार शांतपणे आला. उतार तसाच सोडून द्यावा. पॅटर्नमध्ये दोन्ही खांदे सारखे आहेत, सारखेच कापावेत. कोणी काय म्हणणार? दिव्याखाली कोट एका बाजूला लोंबेल, यांना वाटेल कापड जड आहे, आणि ती लांब मानेची तिथे उभी असेल खुंटीवरच्या ओल्या टॉवेलसारखी. मी तो विचार बराच वेळ हातात धरला. टाचण्यांची चव तोंडात असते, थंड, किंचित रक्तासारखी. मग मी टाचण्या काढल्या आणि उजव्या खांद्याची रेघ खाली घेतली. चांगुलपणाने नव्हे. मुद्दाम वाईट शिवलेलं काम हातून गेलं तर पुढे देवासमोर कुठल्या हातांनी बसायचं, एवढंच. बाही जिथे जोडतात तो उजवा मुंढाही त्याच मापाने उतरवला. आणि शिवणीच्या आत जे जादा कापड सोडायचं असतं, ज्याला आम्ही माया म्हणतो, ते त्या खांद्यावर मी जवळजवळ ठेवलंच नाही. कात्रीने बारीक कातरून टाकलं. का? माया माणूस शंका असेल तर ठेवतं. मला शंका नव्हती. यांना तिचा खांदा माहीत आहे यावर माझा जेवढा विश्वास होता तेवढा त्यांच्या कुठल्याच शब्दावर कधी नव्हता.

कोट घेऊन मी सभागृहात गेले त्या संध्याकाळी ती पोस्टातून थेट आली होती, बोटांना शिक्क्याची शाई, अंगाला डिंकाचा वास. जवळून पाहिली तर माझ्या दिव्यापुढच्या बाईपेक्षा थकलेली, डोळ्यांखाली काळं, आणि गळ्यातला स्कार्फ डाव्या खांद्यावर मोठ्या पिनेने घट्ट टाचलेला. ताई, किती जड काम केलंत तुम्ही, म्हणाली. मी टाचण्या तोंडात धरल्या. उत्तर द्यायला नको. तिने स्कार्फ काढला, कोट चढवला, आणि मी सवयीने तिच्या पाठीमागे गेले. हे खाली रिकाम्या खुर्च्यांत, मधल्या रांगेत, त्यांच्या नेहमीच्या जागी बसले होते. नणंदबाई विंगेत स्टुलावर.

कोट बसला नाही. घडी सुंदर पडली होती, कॉलर ताठ होती, पण उजवीकडे कापड गळ्यापासून खांद्यापर्यंत ताणून तिरक्या रेघा उठल्या होत्या आणि कॉलर त्या बाजूला ओढली गेली होती. डावीकडे मुंढ्याच्या वर कापड रिकामं, एक पोकळ खळगा. मी तो खळगा बोटाने दाबला. आत खांदा नव्हता. तो खाली होता. मी दोन्ही तळवे तिच्या खांद्यांवर टेकवले, जे मी पहिल्या दिवशी करायचं होतं, आणि माझा डावा तळवा खाली गेला.

ती एकदम आखडली. मग मागे न बघता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “डावा. लहानपणी हाड मोडलं होतं. मी कोणाला दिसू देत नाही हो ताई, तुम्हाला कोणी सांगितलं की खांद्यात काही आहे म्हणून?”

मी काही बोलायच्या आत खालून यांचा आवाज आला. “अगं, उजवा म्हटलं होतं ना मी? हा उजवा.” आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी आपला उजवा हात वर करून, बोट लांबवून, सरळ समोर दाखवलं. बोट तिच्या डाव्या खांद्यावर होतं.

मी तिच्या पाठीआडून त्या बोटाकडे बघत राहिले. त्यांच्या जागेवरून तो उजवाच होता. त्यांनी तो कधी मागून पाहिला नव्हता, बाजूने नाही, जवळून नाही. खांद्यावर एकदा जरी हात ठेवला असता तरी हात चुकला नसता. हातांना समोरची बाजू नसते. त्यांनी तो तिथूनच पाहिला होता, त्या मधल्या रांगेतून, दिव्यात उभ्या असलेल्या माणसाचा दिसतो तसा, रोज संध्याकाळी, इतक्या वेळा की पिनेने टाचलेल्या स्कार्फातूनही उतार त्यांना दिसला. माझ्या तोंडातली एक टाचणी निसटून फळीवर पडली. विंगेतून नणंदबाई म्हणाल्या की दिग्दर्शकाच्या उजव्या-डाव्याच्या भरवशावर राहिलात तर कोट आरशालाच शिवावा लागेल. पोस्टातली हसली, खांदे हलले, रिकामा खळगा हलला. “ते वर येतातच कुठे,” ती म्हणाली. “चहासुद्धा तिथेच मागवतात. आम्ही काय वाट्टेल ते करू, तिथूनच बघत बसतात. कधी कधी तर वाटतं, बाई गं, आपल्याला इतकं कोणी बघितलं नव्हतं.”

हे ती किती सरळपणे म्हणाली. माझ्या छातीवरचं काहीतरी हललं होतं, मला हसूही आलं होतं, आणि त्या शेवटच्या वाक्याने ते परत जागेवर येऊन बसलं, पहिल्यापेक्षा जड. हात ठेवला असता तर मी भांडले असते, रडले असते, माझी बाजू होती. या बघण्याशी कसं भांडायचं? त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांच्या देखत, दिव्याच्या उजेडात, एक माणूस दुसऱ्या माणसाकडे बघत होता. आणि मी त्या सगळ्या संध्याकाळी पडद्यामागे, पाठीकडून. मला तसं कोणी बघावं अशी जागाच मी कधी ठेवली नव्हती. मी टेप काढला. तिला म्हटलं, हात सोड, श्वास घे, आणि तिचं सगळं माप स्वतःच्या हाताने घेतलं, मानेपासून, पाठीपासून. डाव्या खांद्याच्या हाडावर एक बारीक गाठ होती, बोटाला लागेल एवढीच. तिथे मी थोडं थांबले. तिनेही थांबू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारभर कोट उसवला. डावा उतरवणं सोपं होतं, कापड तिथे होतं. उजवा चढवायचा कशाने? मी सगळी माया कातरून टाकली होती. शेवटी त्याच करड्या कापडाची एक निमुळती पट्टी खांद्याच्या शिवणीत बसवली आणि जोड झाकायला सैनिकी पट्टी तिच्यावर आणून बटण लावलं. अस्तर उलटून पाहिलं तर जोड दिसतो. पण अस्तर बघणार कोण, मीच. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा वाक्य शोधावं लागलं नाही. ती खांदा झाकून जगते आणि त्याची तक्रार करत नाही, असं म्हटलं. ओठ नीट हलले. मग थोडा वेळ तशीच बसले, कारण अजून एकाबद्दल वाईट मनात आलं होतं आणि त्याचं चांगलं वाक्य काही केल्या सापडेना. ती मी होते.

हे कचेरीतून आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसत होते. नणंदबाई शेजारी गेल्या होत्या. बाहेर अजून उजेड होता. घेर सारखा पडतो का ते बघायला मी कोट स्वतःच्या अंगात घातला होता. तो मला छातीवर आवळत होता आणि त्याचा उतार माझ्या चुकीच्या बाजूला होता. मी बटणं काढली, कोट खुंटीला लावला, आणि घरातल्या साध्या कपड्यांत त्यांच्यासमोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला लागून उभी राहिले.

“बघा हो जरा,” मी म्हटलं. “माझा कुठला खांदा उतरता आहे?”

ते म्हणाले की कोट घाल ना मग, कोटाचंच बघायचंय ना. कोटाचं नाही, मी म्हटलं. त्यांनी चष्मा लावला. माझ्याकडे बघितलं, मग अजून बघितलं. हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. मग खुर्चीचे हात धरून उठायला लागले, जवळ येऊन बघायला, जसं घरातलं माणूस घरातल्या माणसाजवळ येतं, हात पुढे करून.

“उठू नका,” मी म्हटलं. “तिथूनच सांगा.”

ते परत बसले. मी हात कुठे ठेवावेत मला कळेना, मी ते खाली सोडले. मान कशी धरावी कळेना. भिंत पाठीला गार लागत होती. रस्त्यावरून कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिचं चाक कुरकुरत गेलं, लांब गेलं, आणि ते अजून बघतच होते. ओठ थोडे उघडे, मान एका बाजूला, रिकाम्या खुर्च्यांत बसल्यावर असते तशी. इतकं बघणं अंगावर घ्यायचं म्हणजे काय असतं ते पोस्टातलीने मला सांगितलं नव्हतं. पळून मागे जावंसं वाटत होतं. मागे भिंत होती.

“डावा,” ते म्हणाले.

माझा डावा हात आपोआप वर गेला, छातीवरून पलीकडे, आणि उजव्या खांद्यावर जाऊन टेकला.